ओल कुठून येते?

गेल्या जुलैतली गोष्ट. आठ-दहा दिवस पावसाने पुण्याला नुसतं झोडपून काढलं होतं. शनिवारी सकाळी बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढलं आणि बघतो तर मागच्या भिंतीवर भला मोठा नकाशा! मधे काळा, कडेला हिरवट, दोन-तीन पोळपाट शेजारी शेजारी मांडावेत एवढा. कपाटाच्या मागच्या प्लायवरही तोच प्रकार. खोलीत कुबट वास का येतो ते कळलं. आणि बायकोला तीन आठवड्यांपासून खोकला होता, त्याची एकदम भीती वाटायला लागली.

घरमालकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, खिडक्या सगळ्या बंद. मग ओल येणारच. जरा हवा खेळती ठेवत जा." विषय संपला.

मग कुठलाही इंजिनिअर करतो तेच मी केलं. रात्री दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर वाचत बसलो. तिथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, काळी बुरशी म्हणजे विष, ताबडतोब घर सोडा. दुसरा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, पुसून टाका आणि झोपा. मी घाबरून ऑनलाइन एक टेस्ट किट मागवलं. काचेच्या बशा उघड्या ठेवायच्या, झाकण लावायचं, पाच दिवसांनी बघायचं. बेडरूममध्ये एक, हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक आणि तुलनेसाठी एक बाल्कनीत, बाहेरच्या हवेत. पाच दिवसांनी चारही बशांमध्ये बुरशीचे कापसासारखे गोळे. बाल्कनीतल्या बशीत सगळ्यात जास्त!

थोडक्यात, टेस्ट कुठेही लावा, ती फेलच होणार. अशा टेस्टला आमच्याकडे टेस्ट म्हणत नाहीत.

हे असं का, म्हणून वाचायला लागलो आणि पुढचे चार वीकेंड त्यातच गेले. घरातली बुरशी आणि तिचं विष या विषयाला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात माणसं पुन्हा पुन्हा एकाच जागी अडकलेली दिसतात. ती जागा कुठली, ते सांगायला हा लेख.

सुरुवात रंगापासून. 1775 साली कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक सुंदर हिरवा रंग बनवला. पुढे 1814 च्या सुमारास त्याहून झळाळता आणखी एक हिरवा आला, त्यातही आर्सेनिकच. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. एकोणिसाव्या शतकात युरोपभर भिंतींवर हिरवे वॉलपेपर चढले. आणि हळूहळू डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की हिरव्या खोल्यांत झोपणारी माणसं आजारी पडतायत. 1839 साली लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने इशारा दिला : हिरव्या कागदाच्या खोल्यांना ओल लागली की उंदरासारखा एक विचित्र वास येतो, हे कागद काढून टाका. म्हणजे 'ओल' हा शब्द तेव्हाच आलेला होता. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वास नक्की कशाचा, हे शोधलं बार्टोलोमिओ गोसिओ या रोममधल्या डॉक्टरने. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. त्याने बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिक मिसळलं, त्यावर बुरशी वाढवली, आणि लसणासारखा वास येणारा वायू बाहेर पडताना पकडला. त्या वायूला त्याचंच नाव मिळालं. सगळं जुळलं : ओली भिंत, खळीवर वाढणारी बुरशी, आर्सेनिकचा वायू, झोपेत मरणारी मुलं. 1930 च्या दशकात लीड्समध्ये फ्रेडरिक चॅलेंजर याने तो वायू म्हणजे ट्रायमिथाइलआर्सिन आहे हेही सिद्ध केलं.

ही गोष्ट इतकी छान बसली की नेपोलियनलाही त्यात ओढलं. सेंट हेलेना बेटावरच्या त्याच्या घरातल्या वॉलपेपरचा एक तुकडा सापडला आणि त्यात आर्सेनिक निघालं. 1982 साली ही बातमी 'नेचर'मध्ये छापून आली. (नेपोलियन 1821 साली गेला तो बहुधा पोटाच्या कॅन्सरने, पण खुनी वॉलपेपर ऐकायला जास्त मजा येते.)

आता गंमत बघा. 2005 साली दोन शास्त्रज्ञांनी सगळे जुने कागद पुन्हा तपासले आणि म्हटलं की हा वायू समजतो तितका विषारी नाहीच. त्यामुळे माणसं मेली असं म्हणायला पुरावा फार कच्चा आहे. आर्सेनिक विषारी, यात शंका नाही, पण ते रंगाच्या धुळीतूनही पोटात जाऊ शकतं. आणि ओलसर खोलीत राहणं हे स्वतःच तब्येतीला वाईट. म्हणजे शंभर वर्षं खुनी म्हणून ज्याचा फोटो लावला होता, त्याच्यावरचा आरोपच कच्चा. आजारी माणसं मात्र खरी होती.

दुसरी गोष्ट आजच्या प्रसिद्ध खलनायकाची. काळ्या बुरशीचं शास्त्रीय नाव स्टॅकीबॉट्रिस. कोर्दा नावाच्या शास्त्रज्ञाने 1837 साली तिचं पहिलं वर्णन केलं. नमुना कुठला, तर प्रागमधल्या एका घराच्या वॉलपेपरवरचा. कागद, पेंढा, पुठ्ठा हे तिचं खाणं. पण एक अट, ते सतत ओलं पाहिजे.

जवळजवळ शंभर वर्षं तिने कुणाला त्रास दिल्याची नोंद नाही. मग 1930 च्या दशकात युक्रेनमध्ये घोडे मरायला लागले. तोंड सुजायचं, रक्तस्राव व्हायचा, ताप यायचा, हजारो घोडे गेले. कारण सापडलं ते पेंढ्यात. ओल्या पेंढ्यावर हीच बुरशी वाढली होती. तो पेंढा हाताळणाऱ्या माणसांनाही अंगावर चट्टे, नाकातून रक्त, छातीत त्रास असं व्हायला लागलं होतं. म्हणजे या बुरशीचं विष ही काही इंटरनेटवरची अफवा नव्हे.

आणि बुरशीचं विष पोटात गेलं तर काय होतं, हे आपल्या देशाला चांगलं ठाऊक आहे. 1974 च्या शरदात राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या भागांत कावीळ पसरली. आधी कुत्री मेली, मग माणसं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका ओलाच साठवला गेला, त्यावर बुरशी चढली आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार केलं. नोंदलेले रुग्ण 397, मृत्यू 106. सगळे गरीब आदिवासी कुटुंबांतले. मका खराब झालाय हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण घरात दुसरं धान्यच नव्हतं.

हे वाचल्यावर कुणीही घाबरेल. पण इथे एक बारीक फट आहे. घोड्यांनी पेंढा खाल्ला होता, माणसांनी मका खाल्ला होता. किलो-किलोने. माझ्या कपाटामागची बुरशी मी खात नाही, तिच्या खोलीत श्वास घेतो. खाण्याचा पुरावा श्वासाला लागू होतो का? सगळं भांडण या एका प्रश्नावर आहे.

हा प्रश्न पेटला अमेरिकेत. तिथली घरं आपल्यासारखी विटा-सिमेंटची नसतात. आतल्या भिंती म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम. पाईप गळला की तो कागद भिजतो, आणि काळ्या बुरशीला पंगत वाढून मिळते. शिवाय 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर वीज वाचवायला घरं घट्ट बंद बांधायला लागले. आत शिरलेली ओल बाहेर जाईना.

1993 आणि 1994 मध्ये क्लीव्हलँड शहरात दहा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतून रक्त यायला लागलं. इतक्या कमी काळात इतकी बाळं, हे अगदीच विचित्र होतं. उपचार करून घरी पाठवलेल्या बाळांपैकी काहींना परत तोच त्रास झाला. एक बाळ गेलं. म्हणजे घरातच काहीतरी आहे! डॉर डिअरबॉर्न हे तिथले बालरोगतज्ज्ञ, त्यांनी अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला म्हणजे सीडीसीला बोलावलं. तपासात दिसलं की या बाळांच्या घरांत पाणी गळून नुकसान झालेलं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी काळी बुरशी होती. 1997 साली आकडा आला : अशा बुरशीच्या घरात धोका 9.8 पट. बातम्या झाल्या, लोक घरं सोडायला लागले.

मग सीडीसीने स्वतःच्याच कामाचा रिव्ह्यू करवला. आतल्या लोकांकडून आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडूनही. मार्च 2000 मध्ये निकाल जाहीर केला, आणि तो वाचताना मला आमच्या कोड रिव्ह्यूची आठवण झाली. नमुने घेणाऱ्याने आजारी बाळांची बरीच घरं कुठली हे आधीच ओळखलं होतं. त्या घरांमध्ये भट्टीचे पाईप ठोकून, कार्पेट झाडून मुद्दाम धूळ उडवून नमुने घेतले होते, इतर घरांत तसं केलं नव्हतं. आकडेमोडीतही चुका होत्या. दुरुस्त केल्यावर 9.8 बराच खाली घसरला. निष्कर्ष : बुरशीमुळे रक्तस्राव झाला असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

'पुरेसा पुरावा नाही' याचा अर्थ 'बुरशी निर्दोष आहे' असा नाही, हे आपल्याला कळतं. पण घाबरलेल्या माणसाला पहिलं वाक्य ऐकू येत नाही, आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत त्याला दुसरं वाक्य ऐकायचं नसतं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर टेक्सास. ऑस्टिनजवळ मेलिंडा बॅलार्ड यांचा सुमारे 11,500 चौरस फुटांचा बंगला. पाईप गळला, विमा कंपनीने दुरुस्ती रेंगाळत ठेवली, भिंतींत काळी बुरशी पसरली, कुटुंब घर सोडून निघून गेलं. नवऱ्याची स्मरणशक्ती गेली म्हणे. जून 2001 मध्ये ज्यूरीने 3 कोटी 20 लाख डॉलर द्यायला सांगितलं. देशभर बातमी एकच : बुरशीच्या विषासाठी 3 कोटी डॉलर! प्रत्यक्षात, बुरशीमुळे मेंदूवर परिणाम झाला ही साक्ष न्यायाधीशांनी ऐकूनच घेतली नव्हती. पैसे होते ते विमा कंपनीने दावा नीट हाताळला नाही म्हणून. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने रक्कम 40 लाखांच्या आसपास आणली. पण तोवर बुरशी तपासणाऱ्यांचा धंदा उभा राहिला होता, आणि विमा कंपन्यांनी पॉलिसीतून बुरशी वगळायला सुरुवात केली होती.

2001 मध्येच कॅलिफोर्नियाने कायदा केला की घरात किती बुरशी चालेल याचा आकडा सरकारी आरोग्य विभागाने ठरवावा. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो. आकडा ठरवा! किती सोपं वाटतं ना? विभागाने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि सांगितलं, ठरवता येत नाही. हवेतले बीजाणू तासातासाला बदलतात. पंखा लावला, झाडू मारला, दार उघडलं की आकडा वेगळा. काळ्या बुरशीचे बीजाणू तर चिकट, ओले असताना हवेत सहज उडतही नाहीत. माणसामाणसाची सहनशक्तीही वेगळी. शेवटी 2011 साली विभागाने निवेदन काढलं : हवेचे आकडे सोडा. पाण्याने झालेलं नुकसान, ओलसर भिंत, डोळ्यांना दिसणारी बुरशी आणि कुबट वास, या चार गोष्टी बघा. यातलं काहीही असेल तर घर दुरुस्त करा. 2016 पासून तिथल्या कायद्यानेही दिसणारी बुरशी म्हणजे घर राहण्यालायक नसल्याची खूण मानली.

दहा वर्षांचा अभ्यास, आणि उत्तर काय, तर डोळे आणि नाक! आमच्या आजीने फुकट सांगितलं असतं. :)

विज्ञानाचा तोल साधारण 2004 सालीच लागला होता. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे अभ्यास चाळून सांगितलं की ओलसर घरं आणि खोकला, छातीत घरघर, दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढणं यांचा संबंध पक्का आहे. फुप्फुसातला रक्तस्राव, स्मरणशक्ती वगैरेंसाठी पुरावा अपुरा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 मध्ये तेच सांगितलं : किती बीजाणू चालतील हा आकडा देता येत नाही, ओल मात्र हटवा. म्हणजे नुकसान खरं आहे. फक्त ते कुठल्या विषामुळे, कुठल्या बुरशीमुळे, की ओलीबरोबर येणाऱ्या सगळ्या लवाजम्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

मग टेस्ट्सचं काय? धुळीतल्या डीएनएवरून 36 प्रकारच्या बुरशी मोजून घराला गुण देणारी एक पद्धत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने संशोधनासाठी बनवली. घरोघरी वापरायला ती नाही, असं ती संस्थाच सांगते. लघवीतलं बुरशीचं विष मोजणाऱ्या टेस्ट्सही विकल्या जातात. 2015 साली सीडीसीने सांगितलं की निदानासाठी त्या प्रमाणित नाहीत. आपल्या रोजच्या धान्यात, दाण्यांत, सुक्या मेव्यात ही विषं थोडी असतातच, त्यामुळे ठणठणीत माणसाच्या लघवीतही ती सापडतात. माझ्या बाल्कनीतल्या बशीची गोष्ट झाली ही. सगळीकडे रिझल्ट पॉझिटिव्ह, माहिती शून्य.

शेवटची गोष्ट सांगतो, आणि ती वाचल्यावर मला माझ्या घरमालकांचा फोन आठवला. इंग्लंडमधलं रॉचडेल. एका हाउसिंग संस्थेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुदानहून आलेलं एक जोडपं राहायचं. 2017 मध्ये वडिलांनी तक्रार केली, भिंतींना बुरशी येते. उत्तर मिळालं, वरून रंग मारा. पुढेही तक्रारी झाल्या. संस्थेतल्या लोकांचं मत, यांची राहण्याची पद्धतच तशी. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक श्वसनाच्या आजाराने गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी जोॲन किअर्सली यांनी निष्कर्ष दिला : घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे मृत्यू. फ्लॅटमध्ये हवा बाहेर जायची सोयच धड नव्हती. त्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून तो लागू आहे. सामाजिक गृहसंस्थांनी ओल-बुरशीच्या तक्रारीची ठरलेल्या मुदतीत तपासणी आणि दुरुस्ती केलीच पाहिजे. भाडेकरूने आधी बुरशीचं विष सिद्ध करून दाखवावं, अशी अट त्यात नाही.

म्हणजे माणसं अडकतात ती जागा ही. 'विष कुठलं, किती?' हा प्रश्न आकर्षक आहे, त्यात गुन्हेगाराचा फोटो मिळतो. पण त्याच्या मागे लागलं की 'पाणी कुठून येतंय?' हा साधा प्रश्न मागे पडतो. युक्रेनचा पेंढा, बांसवाड्याचा मका, क्लीव्हलँडच्या भिंती, रॉचडेलचं बाथरूम, सगळीकडे आधी ओल आली, मग बुरशी. बुरशी म्हणजे एरर मेसेज. आपण एरर मेसेजचं विश्लेषण करत बसतो, आणि बग तिकडे मजेत असतो. आणि वरून रंग मारणं म्हणजे तर एरर मेसेज दिसूच नये अशी सोय करणं.

असो. आमच्या भिंतीचं काय झालं? मी नवीन किट मागवलं नाही. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली, तारीख लिहिली. शेजारी भिंत पुसून कोरडी केली आणि दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावला. खोलीच्या बाजूने थेंब जमले तर दमट हवेचा दोष, म्हणजे घरमालकांचं बरोबर. भिंतीच्या बाजूने जमले तर पाणी आतून येतंय. दोन दिवसांनी थेंब होते ते भिंतीच्या बाजूने. मग वरच्या मजल्यावरचे काका-काकू चार दिवस गावाला गेले, तेव्हा डाग रेघेच्या आतच राहिला. ते परत आले आणि तीन दिवसांत रेघ ओलांडली. त्यांच्या बाथरूमच्या फरशांचे सांधे गेले होते.

तारखा घातलेले फोटो घरमालकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवले. खिडक्यांचा विषय परत निघाला नाही. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, आमच्या भिंतीचा गिलावा खरवडला, वाळू दिला आणि मग रंग दिला. खराब प्लाय फेकून दिला. (साफ करताना एन-95 मास्क लावा, दमा असलेल्या माणसाला खोलीबाहेर पाठवा. फार मोठा भाग असेल तर स्वतः हात घालू नका. आणि काही भिजलं तर 24 ते 48 तासांत वाळवा, बुरशीला तेवढाच वेळ लागतो.)

बायकोचा खोकला पंधरा दिवसांत कमी झाला. बुरशीमुळेच होता का? मला सांगता येणार नाही, डॉक्टरांनी औषधही बदललं होतं. एका घरावरून सिद्ध काहीच होत नाही, क्लीव्हलँडने एवढं तरी शिकवलं. पण भिंत कोरडी करायला ते सिद्ध व्हायची वाट बघायची गरज नव्हती.

यंदाचा पाऊस येण्याआधी एकदा कपाट पुढे ओढून मागे बघा. आणि कुणी तुम्हाला "खिडक्या उघडत जा" म्हणालं, तर खिडक्या उघडाच, पण पेन्सिलने रेघही मारून ठेवा.